हवेतली माती आणि तिच्यातले बेडूक

माती म्हटलं की आपली नजर पायाखाली जाते. उष्ण कटिबंधातल्या पावसाळी जंगलात मात्र काही माती झाडांच्या फांद्यांवर तयार होते, जमिनीपासून कितीतरी मीटर उंच. एक नेचा वरून गळणारं एकेक पान झेलत वर्षानुवर्षं ती साठवत असतो. फिलिपिन्समधल्या लुझॉन बेटावर बनाहाव नावाचा दोन हजार मीटरहून उंच ज्वालामुखी पर्वत आहे. त्याच्या उतारांवरच्या जंगलात या हवेतल्या मातीत चक्क बेडूक राहतात. जवळ तळं नाही, ओढा नाही. कातडी ओली राहिली नाही तर जो जगू शकत नाही, असा प्राणी उन्हावाऱ्याच्या इतक्या जवळ राहतो कसा?

याचं उत्तर नेच्यापासून सुरू होतं. या नेच्याचं शास्त्रीय नाव आस्प्लेनियम. पुण्या-मुंबईच्या नर्सऱ्यांमध्ये याच कुळातलं रोप ‘बर्ड्स नेस्ट फर्न’ म्हणून कुंडीत मिळतं: लांबट, चकचकीत, न चिरलेली पानं आणि मधोमध गडद शीर. फिलिपिन्समध्ये त्याला ‘पाकपाक-लाविन’ म्हणतात. दिवाणखान्यातलं हे रोप बेताचं असतं, पण रानात त्याचं एकेक पान मीटरभराहून लांब वाढतं. सगळी पानं एकाच केंद्रातून गोलाकार निघतात आणि मध्ये वर रुंद, खाली निमुळती अशी पोकळी तयार होते. झाडावरून गळणारी पानं, फुलं, काटक्या, पक्ष्यांची विष्ठा, मेलेले किडे असं सगळं त्या पोकळीत पडतं, अडकतं आणि कुजतं. नेच्याची मुळं त्या कुजलेल्या थरात शिरून एकमेकांत गुंततात. जुनी पानं वाळून खाली लोंबत राहतात, नवी मधून उगवतात आणि गठ्ठा वाढत जातो. बोर्निओ बेटावरच्या दानुम खोऱ्यात असे ओले नेचे २०० किलोपर्यंत भरतात. दोन क्विंटलांचं हे ओझं झाडाच्या उंच फांदीने पेललेलं असतं!

एवढं होऊनही नेचा त्या झाडाचा रस शोषत नाही. बांडगूळ आपली मुळं फांदीच्या आत घुसवतं. हा नेचा फांदीवर नुसता बसतो. पाणी पावसाचं, खत पालापाचोळ्याचं, आधार तेवढा झाडाचा. अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात. आपल्याकडे सह्याद्रीतल्या झाडांवर वाढणाऱ्या आमऱ्या (ऑर्किड) आणि कितीतरी नेचे त्यातलेच.

माती आली की तिच्यात राहणारेही येतात. मार्टिन एलवुड आणि विल्यम फॉस्टर या संशोधकांनी दानुममधले मोठे नेचे खाली उतरवून त्यांच्यात काय काय राहतं ते तपासलं. मुंग्या, वाळवी, झुरळं, कोळी, गोमी असे असंख्य जीव निघाले. झाडांच्या माथ्यावरच्या उरलेल्या सगळ्या भागात मिळून कीटक आणि इतर अपृष्ठवंशी प्राण्यांचं जेवढं वजन भरत होतं, जवळपास तेवढंच या नेच्यांमध्ये भरलं. त्यामुळे अशा प्राण्यांच्या एकूण वजनाचा तिथला अंदाज जवळजवळ दुप्पट करावा लागला. हे निष्कर्ष २००४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाले. म्हणजे नेच्यात घर करणाऱ्या बेडकाला अन्नासाठी फार दूर जावं लागत नाही.

अन्नाचा प्रश्न सुटला तरी पाण्याचा उरतोच. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषून घेतो. पोटाकडची आणि मांड्यांखालची त्याची कातडी या कामात विशेष तरबेज असते, म्हणून तो ओल्या जागी अंग टेकवून बसतो. श्वासाचं बरंचसं कामही कातडीतूनच चालतं आणि त्यासाठी ती ओलसरच लागते. पण जी कातडी पाणी आत घेते, तीच पाणी बाहेरही घालवते. कोरड्या, गरम हवेत बेडकाच्या अंगातलं पाणी झपाट्याने उडून जातं. आणि जंगलाचा माथा ही अशीच जागा आहे. खाली सावलीत हवा दमट आणि स्थिर असते. वर थेट ऊन, वारा आणि दुपारचा कोरडेपणा असतो.

इथे नेच्याचा ओला गठ्ठा कामाला येतो. पाऊस पडला की कुजलेला पाला आणि मुळांचं जाळं पाणी धरून ठेवतं आणि ते हळूहळू बाष्प होऊन बाहेर पडतं. बाष्प होताना पाणी भोवतालची उष्णता घेऊन जातं. उन्हाळ्यात आपल्या घरातला माठ पाणी गार ठेवतो तो याच नियमाने. बेडूक त्या गार ओलाव्यात, पानांच्या देठांशी किंवा मुळांच्या फटीत दिवसभर अंग चोरून बसतो आणि रात्री हवा थंडावली की बाहेर पडतो.

हा गारवा नेमका किती असतो, हे संशोधक ब्रेट शेफर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलिपिन्सच्या जंगलात मोजलं. जमिनीपासून झाडांच्या माथ्यापर्यंत त्यांनी चार प्रकारच्या आडोशांचं तापमान नोंदवलं: माती, झाडांच्या ढोली, अपिवनस्पती आणि इतर झाडोरा. त्याचबरोबर तिथले बेडूक आणि सरडे जास्तीत जास्त किती तापमान सोसू शकतात, तेही तपासलं. २०१४ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. आडोशांमधलं सरासरी तापमान बाहेरच्यापेक्षा १ ते २ अंश सेल्सिअसनेच कमी होतं. हा आकडा किरकोळ वाटेल, पण पुढचा बघा: टोकाची उष्णता सोसावी लागण्याचा काळ आडोशात १४ ते ३१ पटींनी कमी होता. मोकळ्या माथ्यावरचं तापमान या प्राण्यांच्या जीवावर बेतेल इतकं वर जात होतं; आडोशातलं मात्र त्या मर्यादेच्या आतच राहत होतं. बाहेर १ अंश वाढ झाली तर आडोशात ती केवळ ०.११ ते ०.६६ अंश होत होती.

आपण तापमान एका शहराचं, एका प्रदेशाचं, फार तर एका दिवसाचं म्हणून वाचतो. बेडकाला त्या आकड्याशी कर्तव्य नसतं. त्याचं हवामान त्याच्या अंगाभोवतालच्या चार बोटांच्या जागेत असतं. एकाच झाडावर, एकाच दुपारी मरण आणि जीवन यांच्यात वीतभर अंतर असू शकतं, आणि ते अंतर एका नेच्याने राखलेलं असतं!

आता पिल्लांचं काय? बेडूक म्हटला की डबकं आणि डबक्यात वळवळणारे शेपटीवाले डिंभ डोळ्यांसमोर येतात. लुझॉनच्या या बेडकांनी ती पायरीच गाळली आहे. ते प्लॅटिमँटिस या प्रजातीतले आहेत. त्यांची अंडी मोठी आणि बलकाने भरलेली असतात. डिंभाची सगळी अवस्था अंड्यातच उरकते आणि बाहेर पडतो तो चार पायांचा इवलासा बेडूक. त्यामुळे अंडी घालायला तळं लागत नाही, ओली माती पुरते. आपल्या सह्याद्रीतले राओर्चेस्टिस प्रजातीतले चिमुकले झुडपी बेडूकही असेच अंड्यातून थेट बेडूक होऊन निघतात. दोन वेगळ्या कुळांमध्ये हीच युक्ती स्वतंत्रपणे घडली, हे निसर्गाचं केवढं नवल आहे!

या बेडकांची ओळख पटवून देण्यात फिलिपिन्सचे थोर शास्त्रज्ञ एंजेल अल्काला यांचा मोठा वाटा आहे. नेग्रोस बेटावरच्या बेडकांचं प्रजनन आणि वाढ यांवरचा त्यांचा अभ्यास १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे वॉल्टर ब्राउन आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी प्लॅटिमँटिसच्या अनेक जातींना नावं दिली. बनाहाव पर्वताच्याच नावाची ‘प्लॅटिमँटिस बनाहाव’ ही जात त्यातलीच. तिच्या बोटांची टोकं रुंद चकत्यांसारखी असतात आणि त्यांच्या जोरावर ती गुळगुळीत पानावरही घट्ट चिकटून राहते.

शेफर्स यांच्या चमूने २०१३ मध्ये आणखी एक सुंदर गोष्ट दाखवून दिली. डोंगर चढत जावं तसे बेडूक झाडावरही वर वर सापडत जातात. पायथ्याच्या जंगलात माथ्यावरची उष्णता जास्त, म्हणून तिथले बेडूक जमिनीच्या जवळ राहतात. डोंगराच्या उंचीवर हवा मुळातच थंड असते, तेव्हा त्यांना झाडाचा वरचा मजलाही मानवतो. झाडाच्या बुंध्यापासून शेंड्यापर्यंत हवामान जितकं झपाट्याने बदलतं, तितकं ते डोंगर चढतानाही बदलत नाही. म्हणजे उंच जंगलात बेडकाला आपल्या सोयीचं हवामान गाठायला डोंगर ओलांडावा लागत नाही, झाडावर थोडं वर-खाली सरकलं तरी भागतं.

मात्र या सगळ्याला एक अट आहे: नेचा ओला असला पाहिजे. पाऊस लांबला आणि गठ्ठा सुकला तर गारवा टिकत नाही. लहान नेचा लवकर सुकतो, मोठा उशिरा. आणि मोठा नेचा होण्यासाठी मोठं झाड लागतं, पेलणारी जाड फांदी लागते, वरून पाला गाळणारं दाट छत लागतं आणि मुख्य म्हणजे अनेक वर्षांचा काळ लागतो. जुनं झाड तोडून त्याजागी दहा रोपं लावली तर झाडांचा आकडा वाढतो. झाडावरची माती, तिच्यातले किडे आणि तिच्यातले बेडूक त्या हिशेबात येत नाहीत. फिलिपिन्समधल्या बेडकांच्या बहुतेक जाती जगात दुसरीकडे कुठेच आढळत नाहीत, त्यामुळे तिथलं एकेक जुनं झाड मोलाचं आहे.

आपल्यापुरतं यातून एक करता येण्यासारखं आहे. आंबोलीला, कोयनेच्या रानात किंवा गोव्याच्या जंगलात गेलात तर फांदीवरची आमरी किंवा नेचा उपटून घरी आणू नका. झाडावर ‘उगाच वाढलेलं’ म्हणून ते साफही करू नका. कुंडीसाठी रोप हवं असेल तर ते नर्सरीतून घ्या. रानातलं रोप कुणाचं तरी घर असू शकतं.