चुलीच्या मापाचं झाड

वजनाच्या हिशेबाने पाहिलं तर कुठलंही लाकूड जवळपास सारखीच उष्णता देतं. धावडा असो की पांगारा, पूर्ण वाळलेल्या किलोभर लाकडातून साधारण साडेचार ते पाच हजार किलोकॅलरी मिळतात. तरीही पांगाऱ्याची मोळी डोक्यावरून वाहून आणायला कुणी राजी नसतं. धावड्याचं घनमीटरभर लाकूड ९०० किलोच्या आसपास भरतं, बाभळीचं ७५० ते ८००, निलगिरीचं ६०० ते ७००, कोवळ्या सुबाभळीचं ५०० आणि पांगाऱ्याचं जेमतेम ३००. चुलीच्या तोंडात मावतात त्या तीन-चार ढलप्या. त्या धावड्याच्या असल्या तर पांगाऱ्याच्या तिप्पट आग देतात.

पुढचा प्रश्न निखाऱ्याचा. लाकडाच्या वजनाचा सुमारे तीनचतुर्थांश भाग वायू होऊन ज्वाळेत जळतो, उरलेल्या कोळशाचा निखारा होतो. तव्यावरून काढलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांपुढे उभी केली की टम्म फुगते. ज्वाळेपुढे धरली तर काळी पडते आणि आतून कच्ची राहते. बाभूळ, धावडा, खैर यांचा निखारा घट्ट, बराच वेळ धग धरणारा. हलक्या लाकडाचा बघता बघता राख होतो आणि फुंकणी हातातून सुटत नाही.

सरपणाची प्रतवारी लावायला १९८७ साली पुरोहित आणि नौटियाल या संशोधकांनी भारतीय पहाडी झाडांसाठी एक निर्देशांक मांडला. उष्मांक आणि घनता यांच्या गुणाकाराला राख आणि ओलावा यांच्या गुणाकाराने भागायचं. सूत्र सुटसुटीत आहे, पण धूर किती होतो, ठिणग्या उडतात का, कुऱ्हाडीला लाकूड दाद देतं का, हे त्यात येत नाही. स्वयंपाक करणारीला मात्र नेमकं तेच आधी कळतं.

ऐंशीच्या दशकात सामाजिक वनीकरणाने गावोगाव रोपं वाटली, तेव्हा पारडं भरभर वाढणाऱ्या झाडांकडे झुकलं. उरुळीकांचनच्या बायफ या संस्थेने सुबाभूळ लोकप्रिय केली ती चारा आणि सरपण दोन्हींसाठी. ती निवड चुकीची नव्हती: सुबाभूळ छाटली की पुन्हा फुटते आणि जनावरं तिचा पाला खातात. निलगिरीचं तसं नाही. तिच्या पाल्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही आणि सरळ बुंधे कागद कारखान्याच्या ट्रकमध्ये चढतात. चुलीच्या वाट्याला शेंडे आणि डहाळ्या येतात. हेक्टरी उत्पादनाच्या तक्त्यात हा फरक दिसत नाही, आणि माझ्या मते सरपणाच्या योजना फसतात त्या इथेच.

देशी तेवढं चांगलं, असंही म्हणता येत नाही. पांगारा आणि सावर इथलीच झाडं, पण सरपण म्हणून टाकाऊ. उलट परदेशातून आलेली वेडी बाभूळ गवताळ माळ गिळते, पाणंद अडवते, पण तिचं लाकूड जड आणि निखारा उत्तम. कच्छच्या बन्नी भागात तिचा कोळसा पाडून विकणं हा मोठा धंदाच झाला आहे.

यातली बरीच भांडणं नुसत्या उन्हाने मिटली असती. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असतं. ढोबळ हिशेबाने अशा किलोभर लाकडातून १,९०० किलोकॅलरी हाती लागतात, कारण बाकीच्या निम्म्यातलीही काही आग पाण्याची वाफ करण्यात जाते. तेच लाकूड १५ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवलं तर किलोमागे ३,७०० मिळतात. म्हणजे पावसाळ्यात ओला धावडा जाळणाऱ्या घरापेक्षा उन्हाळ्यात सुबाभूळ फोडून पडवीत रचून ठेवणारं घर फायद्यात राहतं.

तोडणारे हात कोणाचे, हेही पाहायला हवं. कोयत्याने मनगटाएवढी फांदी सहज तुटते. मोठ्या बुंध्याला कुऱ्हाड आणि दुसरा माणूस लागतो. बांधावरची गावठी बाभूळ आणि कुंपणाचं गिरिपुष्प, एक देशी आणि एक परकं, दोन्ही अशी फांदी फांदी करून छाटता येतात. बाभळीचे काटेही वाया जात नाहीत, ते वईला लागतात.