"करमत नाही" म्हणजे नेमकं काय?

परदेशात घर मांडताना आपण मंडळी सगळ्याचा हिशेब करतो. शाळा किती लांब, स्टेशन किती जवळ, तूरडाळ कुठे मिळते. कोतो वॉर्डात हे बरंचसं जुळून येतं. यूआरच्या वसाहतींत ना 'की मनी' लागतो ना जामीनदार, आणि २००४ पासून वॉर्डात भारतीय शाळाही आहे. हिशेबात राहून जातं ते एवढंच, की बदली झाली तेव्हा आपलं मूल बारा-तेरा वर्षांचं होतं.

मित्र म्हणजेच सर्वस्व असण्याचं हे वय, आणि नेमके मित्र पुण्यात राहिलेले. जपानी शाळेत घातलं तर भाषा अडते. भारतीय शाळेत घातलं तर कुणाच्या तरी बाबांची बदली होते आणि जमलेली जोडी तुटते. शिवाय घरातलं दुभाष्याचं कामही याच मुलाकडे! वॉर्ड ऑफिसचं पत्र वाच, डॉक्टरांना आजीचं दुखणं सांग. सगळ्यांचं बोलणं पोचवणाऱ्या या मुलाचं स्वतःचं बोलणं मात्र कुणापर्यंत पोचत नाही.

ते बोलतं तेव्हाही 'डिप्रेशन' म्हणत नाही. "करमत नाही", "पोटात दुखतंय", "शाळेत नाही जायचं" एवढंच म्हणतं. आपलं उत्तर ठरलेलं: "आमच्या वेळी असली थेरं नव्हती." दुखणं तेव्हाही होतं, त्याला नाव नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयाच्या दर सात मुलांमागे एकाला मानसिक आजार असतो. जपानमध्ये २०२४ साली ५२९ शाळकरी मुलांनी आत्महत्या केली. उन्हाळी सुट्टी संपून शाळा उघडते ते दिवस इथे विशेष जपण्याचे मानतात. जपानलाही हे शिकायला वेळच लागला. हायस्कूलच्या आरोग्य विषयात मानसिक आजारांचा धडा परत आला तो २०२२ साली, सुमारे चाळीस वर्षांनी.

मग आपण काय करायचं? या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, तेव्हा रात्री उशिरा झोप येणं म्हणजे सगळा आळस नव्हे. पण दोन आठवडे झोप-भूक बिघडलेली, आवडता खेळ सुटलेला, मित्रांशी बोलणं बंद झालेलं दिसलं, तर "होईल ठीक" म्हणून थांबू नये. आधी ऐकावं, उपदेश नंतर. शंका आली तर "जगणं नकोसं वाटतं का?" असं सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं व्हायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं तर मुलाला एकटं न सोडता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. डॉक्टरांकडे किंवा शाळेच्या समुपदेशकाकडे जाताना दुभाषी दुसरा न्यावा, मुलालाच ते काम देऊ नये. इंग्रजीतून बोलायला टोकियोत 'टेल' ही संस्था १९७३ पासून आहे. जपानीतून बोलणाऱ्या अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी चाइल्डलाइन आहे (०१२०-९९-७७७७), फोन मोफत.

हा विषय मराठीतून, न लाजता बोलता येतो, हे ठाण्याच्या आयपीएच या संस्थेने १९९० पासून दाखवून दिलं आहे. तेव्हा "लोक काय म्हणतील" हे जरा बाजूला ठेवू या. गणपतीला जमतो तेव्हा मार्कांची चौकशी आपण सगळेच करतो. यंदा त्याआधी मुलांना "करमतं का रे?" एवढं विचारू या, आणि उत्तर येईपर्यंत तिथेच बसू या.