सी-सॉ एकट्याने हलत नाही

भिवंडीत अनोळखी माणसांना समोरासमोर बसवण्याची भन्नाट युक्ती काढली ती पोलिसांनी! १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे यंत्रमागांचं शहर होरपळलं होतं. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्यांत बडे पुढारी कमी, गल्लीतली साधी माणसं जास्त. हिंदू-मुसलमान शेजारी शेजारी आणि सोबत त्या भागाचा पोलीस. भेटीगाठी सतत चालू राहिल्या, ओळखी झाल्या. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. माझ्या मते महाराष्ट्रातल्या कुठल्याही बागेपेक्षा, कट्ट्यापेक्षा ही मांडणी मोठी.

आता गंमत पाहा. जगभरचे डिझायनर हेच काम खेळण्यांकडून करून घेतात.

कॅनडातल्या माँट्रियलमध्ये २०११ साली रस्त्याकडेला २१ झोपाळे लागले. झोका घेतला की सूर वाजतो, पण काही धुना ऐकायच्या तर शेजारच्या अनोळखी माणसाशी झोका जुळवावाच लागतो.

जुलै २०१९. अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या पोलादी कुंपणाच्या फटींतून तीन गुलाबी सी-सॉ आरपार बसवले. एक टोक या देशात, दुसरं त्या देशात! तासभरही टिकले नाहीत, तरी दोन्हीकडची मुलं-माणसं खेळून गेली.

खेळण्याविनाही हे जमतं. मुंबई पोलिसांनी २०१९ च्या अखेरीस प्रयोग म्हणून काही सिग्नलना आवाज मोजणारं यंत्र जोडलं. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून! एकाच्या हॉर्नने सगळे अडकणार, म्हणजे शेजारच्याला हॉर्न थांबवायला सांगणं आलंच.

पाचगणीजवळच्या भिलारमध्ये मे २०१७ पासून चक्क गावकऱ्यांच्या घरांत वाचनालयं आहेत. पुस्तकासाठी अनोळखी उंबरठा ओलांडायचा!

या सगळ्यांत सूत्र एकच: दुसऱ्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही. नुसती बाकं टाकली तर माणसं बसतात, मोबाइल बघतात, उठून जातात.

भिवंडीत आगरी, कोकणी मुसलमान, तेलुगू पद्मशाली, उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार असे सगळे राहतात. त्यांना एकत्र आणायला कॅरम उत्तम, त्याला भाषा लागत नाही. उड्डाणपुलाखाली मोकळी जागा बघून चार पक्के कॅरम बोर्ड बसवावेत, वर दिवा-पंखा असावा. आणि नियम एकच: जोडीदार आपल्या गल्लीतला चालणार नाही.