कागद आहे, पण परवानगी नाही

पांढुर्णा आणि सौंसर ह्या गावांच्या बाजारपेठेत अलीकडच्या काळात एक नवे दुकान रूढ झाले आहे. एक संगणक, एक प्रिंटर, एक स्कॅनर आणि दारावर ऑनलाइन अर्जांची पाटी, एवढीच त्याची सामग्री. महाराष्ट्रात शेतकरी सातबाऱ्यासाठी जसा हिंडतो, तसा येथील शेतकरी खसरा आणि बी-१ च्या नकलेसाठी तेथे येतो. विद्यार्थी शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयास येतात. कोणाला समग्र आयडीतील नावाची दुरुस्ती हवी असते. घरी मराठी बोलणारी ही माणसे अर्ज मात्र हिंदीतून भरतात, आणि त्यांच्या दाखल्यांच्या, छायाचित्रांच्या व सह्यांच्या प्रती त्या एकाच यंत्रात साठत जातात. असा संगणक एखाद्या दिवशी निकामी झाला, तर अडचण केवळ दुकानदाराची राहत नाही. अर्जाची अखेरची तारीख कोणासाठी थांबत नसते.

बिघाडाची कारणे नेहमीचीच असतात. वीज एकाएकी जाते, दाब कमी-अधिक होतो, उन्हाळ्यात पंख्यावर धूळ साचून यंत्र तापते, किंवा हार्ड डिस्क वयोमानाने झिजते. कारागीर नवी डिस्क बसवतो, तिच्यावर विंडोज किंवा लिनक्स नव्याने घालतो आणि जुनी डिस्क शेजारी जोडून देतो. जुने फोल्डर पडद्यावर दिसू लागतात, फाइलींची नावेही दिसतात. परंतु एखादी फाइल उघडू गेल्यास ‘परवानगी नाही’ असे उत्तर मिळते. अपडेट सुरू होते आणि अर्ध्यावर थांबते. मग फाइली नष्ट झाल्या, व्हायरस शिरला, आता सर्व पुसून टाकावे लागणार, असे तर्क सुरू होतात. ह्यांपैकी बहुतेक तर्क चुकीचे असतात आणि शेवटचा तर घातक असतो.

हा प्रकार काय आहे, हे ह्या भागातील वडीलधाऱ्यांना समजावून सांगणे मुळीच अवघड नाही. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी छिंदवाडा जिल्हा ज्या मध्यप्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले; छिंदवाडा नव्या मध्यप्रदेशात राहिला आणि त्याची राजधानी भोपाळ झाली. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसरही त्यात आले. दोन्ही वेळी शेत जागचे हलले नाही की धुऱ्यावरचा दगड सरकला नाही. बदलले ते एवढेच, की त्या शेताच्या कागदावर निर्णय देण्याचा अधिकार कोणत्या कचेरीचा. संगणकातही मजकूर ही एक गोष्ट आणि त्या मजकुरावरील अधिकाराची नोंद ही दुसरी गोष्ट होय. पुष्कळदा मजकूर शाबूत असतो. नोंद मात्र जुन्या कचेरीच्या नावे राहून गेलेली असते.

योगायोग असा, की त्याच १९५६ सालच्या सप्टेंबरात आय.बी.एम. ह्या अमेरिकन कंपनीने हार्ड डिस्क असलेला पहिला संगणक जाहीर केला. दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या एकावर एक रचलेल्या त्या यंत्रात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्रच तेवढी जागा व्यापते. पुढे एका संगणकावर अनेकांनी काम करण्याची पद्धत आली, तेव्हा कोणी कोणाचे कागद पाहावेत हा प्रश्न निघाला. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ह्यांनी १९६९ पासून घडविलेल्या युनिक्स प्रणालीत प्रत्येक फाइलीला मालक नेमून दिलेला असे. लिनक्सने हीच रीत उचलली. विंडोजच्या घराण्यात अशी काटेकोर व्यवस्था १९९३ साली विंडोज एन.टी.बरोबर आली.

येथे एक बारीक मुद्दा ध्यानात घ्यावयास हवा. संगणक मालकाला नावाने ओळखत नाही, क्रमांकाने ओळखतो. उबंटूमध्ये पहिल्या सामान्य वापरकर्त्याला १००० हा क्रमांक मिळतो. रेड हॅटच्या जुन्या आवृत्त्यांत हे क्रमांक ५०० पासून सुरू होत. म्हणून दोन्ही यंत्रांवर वापरकर्त्याचे नाव ‘दुकान’ असेच ठेवले, तरी जुन्या डिस्कवरील ५०० क्रमांकाचा ‘दुकान’ आणि नव्या यंत्रावरील १००० क्रमांकाचा ‘दुकान’ ह्या संगणकाच्या लेखी दोन निरनिराळ्या व्यक्ती ठरतात. विंडोज तर प्रत्येक खात्याला एक लांबलचक ओळखक्रमांक देते आणि तो नव्या प्रतिष्ठापनेत नव्याने तयार होतो. नाव तेच, संकेतशब्द तोच, तरीही जुन्या फोल्डरच्या मालकाच्या जागी ‘अज्ञात खाते’ असे दिसते, त्याचे कारण हेच.

तथापि मालकीच्या दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी करावयाचे काम निराळे आहे. ज्या डिस्कच्या प्रकृतीविषयी शंका आहे तिच्यावर काहीही लिहू नये; आधी तिची प्रत काढावी. डिस्कमधून खटखट असा आवाज येत असेल, तर ती बंद करून जाणत्याच्या हाती देणे बरे. आवाज नसेल, तर प्रथम जोडणीची केबल आणि वीजपुरवठा तपासावा, कारण सैल केबलही मरणासन्न डिस्कचे सोंग उत्तम वठविते. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची टिपणे ठेवते. त्यांस ‘स्मार्ट’ नोंदी म्हणतात. बदली केलेल्या अथवा वाचता न येणाऱ्या भागांची संख्या तीत वाढत असेल, तर तो निर्वाणीचा इशारा समजावा. अशा डिस्कवर दुरुस्तीचा कार्यक्रम चालविणे म्हणजे आजाऱ्याला डोंगर चढावयास लावणे होय. प्रत काढण्यासाठी ‘डीडी-रेस्क्यू’ नावाचा विनामूल्य कार्यक्रम आहे. तो आधी चांगले भाग वाचून घेतो आणि बिघडलेल्या भागांकडे मागाहून वळतो. पुढची सर्व खटपट त्या प्रतीवर करावी.

परवानगीच्या नावाखाली येणाऱ्या दुसऱ्याही काही अडचणी असतात, त्या वेगळ्या ओळखाव्या लागतात. पुष्कळ लिनक्स यंत्रांत डिस्कवर दोष आढळला म्हणजे प्रणाली तिला ‘केवळ वाचनासाठी’ अशा अवस्थेत ठेवते. तेव्हा काहीच लिहिता येत नाही. येथे अधिकार बदलून उपयोग नाही. हा नकार मालकीचा नसून धोक्याचा असतो. दुसरी अडचण मदरबोर्ड बदलल्यावर येते. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात वा कागदावर जपलेली नसेल, तर मालकीचा कोणताही उपाय ते कुलूप उघडू शकत नाही.

तिसरी अडचण अगदी क्षुल्लक वस्तूची असते. मदरबोर्डवर सी.आर. २०३२ नावाची बटणासारखी बॅटरी असते. २० हा तिचा मिलिमीटरमधील व्यास, ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. ती संपली की बंद संगणकाचे घड्याळ मागे जाते. आजची तारीख जर यंत्राच्या मते काही वर्षांपूर्वीची असेल, तर अपडेट पाठविणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र त्याला अद्याप लागू न झालेले वाटते आणि ते अपडेट नाकारते. कारागीर तासन्‌तास प्रणाली चाळीत बसतो, आणि दोष असतो तीन व्होल्टच्या बॅटरीत. म्हणून आधी घड्याळ पाहावे.

ह्या सर्व गोष्टींची खात्री झाली म्हणजे मालकी आपल्या खात्यावर घ्यावी. विंडोजमध्ये जुन्या फोल्डरवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’, त्यात ‘सिक्युरिटी’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ येथे गेल्यास ‘ओनर’ ही ओळ दिसते. तीत नवे खाते लिहावे आणि आतील सर्व फाइलींना तोच मालक लावण्याच्या चौकटीत खूण करावी. नंतर त्या खात्याला पूर्ण अधिकार द्यावा. मालक होणे आणि अधिकार मिळणे ही दोन पावले आहेत. पहिल्यावरच थांबल्यास काम अडून राहते. लिनक्समध्ये मालक बदलण्याची आज्ञा असते, ती देताना फक्त आपल्याच फोल्डरचे नाव द्यावे.

अधिकारांचे अंक लिनक्समध्ये मोठे सुबोध आहेत. वाचण्याला ४, लिहिण्याला २ आणि चालविण्याला १. पहिला अंक मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतर सर्वांचा. म्हणून ६४४ म्हणजे मालकाने वाचावे व लिहावे, इतरांनी केवळ वाचावे. फोल्डरसाठी ७५५ हा प्रघात आहे. परंतु ज्यात गिऱ्हाइकांचे दाखले आणि सह्या आहेत, त्या फोल्डरला ७०० आणि फाइलींना ६०० हेच योग्य. त्रासून जाऊन सर्वत्र ७७७ करून टाकण्याची सवय पुष्कळांना असते. तिचा अर्थ, दाराला कुलूप लागत नाही म्हणून दारच काढून ठेवणे. त्या यंत्रावर बसणारा कोणीही मग दुसऱ्याच्या दाखल्यात फेरफार करू शकतो. प्रणालीच्या स्वतःच्या फाइलींवर तर हा प्रयोग कधीच करू नये. ‘सुडो’ हा प्रशासकीय अधिकार देणारा कार्यक्रम, आपले नियम कोणालाही बदलता येतात असे दिसताच, काम करण्यासच नकार देतो. विंडोजमध्येही अनेक मूळ फाइलींचे मालक ‘ट्रस्टेड इन्स्टॉलर’ हेच असावे लागते.

आता अपडेटचा विचार. येथेही यंत्राचे उत्तर नीट वाचावे. विंडोजच्या त्रुटिक्रमांकाचा शेवट ८००७०००५ असा असेल, तर प्रवेश नाकारला गेला आहे. ८००७००७० असेल, तर जागा संपली आहे. ८००७०५७० असेल, तर फाइल वाचता न येण्याइतकी बिघडली आहे. तीन आकडे दिसायला सारखे, उपाय मात्र तीन निराळे. मूळ फाइली बिघडल्या असल्यास प्रशासकाच्या अधिकाराने प्रथम ‘डिस्म’ हा कार्यक्रम चालवून दुरुस्तीचा साठा शुद्ध करून घ्यावा, आणि मग ‘सिस्टिम फाइल चेकर’ चालवावा. तो ह्याच साठ्यातून चांगल्या प्रती घेतो. उबंटूमध्ये वीज गेल्याने अर्धवट राहिलेली प्रतिष्ठापना आधी पुरी करून घेण्याची सोय आहे. ती केल्यावाचून नवे अपडेट पुढे सरकत नाही. एवढे करूनही दुरुस्त केलेल्या फाइली पुनःपुन्हा बिघडत असतील, तर रॅमची तपासणी करावी. स्मृतीच सदोष असेल, तर हात धुऊन पुन्हा चिखलात घालावे तशी गत होते.

ह्या भागात आणखी एक फसगत संभवते. पुष्कळ जुने हिंदी अर्ज आणि पत्रे कृतिदेव ह्या फॉन्टमध्ये टंकलेली असतात. नव्या प्रणालीत तो फॉन्ट नसला, की सारा मजकूर रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ दिसतो. फाइल सडली असे समजून ती काढून टाकण्याचा मोह होतो. वास्तविक फॉन्ट पुन्हा बसविताच अक्षरे जशीच्या तशी उभी राहतात.

पुढच्या बिघाडाची तयारी आजच करून ठेवावी, कारण डिस्क झिजणार हे निश्चित असते, केवळ दिवस ठरलेला नसतो. महत्त्वाच्या कागदांच्या दोन प्रती असाव्यात आणि त्यांतील एक दुकानाबाहेर असावी. पेनड्राइव्हवरील नेहमीच्या मांडणीत लिनक्समधील मालकी व अधिकारांच्या नोंदी टिकत नाहीत. म्हणून सर्व फाइलींचे एक गाठोडे बांधून, म्हणजे ‘टार’ करून, मग ते तेथे ठेवावे. वापरकर्त्याचा क्रमांक आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवावी. आणि काढलेली प्रत महिन्यातून एकदा उघडून पाहावी. न उघडलेल्या प्रतीचा भरवसा नसतो.

सारांश, यंत्र बंद पडल्यावर घाईने पुसून टाकण्याऐवजी क्रम पाळावा: आधी प्रत, मग यंत्राचा दोष, मग घड्याळ, मग मालकी, आणि सर्वांच्या शेवटी अपडेट. पांढुर्ण्याच्या दुकानातील तो संगणक विकत घेतलेला असेल दुकानदाराने. पण त्यातला खसरा शेतकऱ्याचा आहे आणि गुणपत्रिका एखाद्या मुलीची आहे. नव्या डिस्कवर मालकाचे नाव लिहिताना, हे कागद आपल्याकडे केवळ सांभाळावयास दिलेले आहेत, याचा विसर पडू नये.