आधी ‘कोण’, मग ‘कुठे’: बडोद्याच्या विमान कंत्राटाची कथा

२७ ऑक्टोबर २०२२ रोजी टाटा-एअरबसचा विमान कारखाना बडोद्यात होणार हे जाहीर झाले आणि महाराष्ट्रात गदारोळ उठला. वेदांत-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प नुकताच हातचा जाऊन गुजरातला गेला होता. त्यातच उद्योगमंत्री उदय सामंत यांनी सप्टेंबरमध्ये हा प्रकल्प नागपूरच्या मिहानमध्ये येईल असे सांगितले होते. आदित्य ठाकरे यांनी सरकारला धारेवर धरले. हा निर्णय २०२१ मध्येच, आधीच्या महाविकास आघाडी सरकारच्या काळात झाला, असे उत्तर देवेंद्र फडणवीस यांनी दिले.

कारखाना कुठे, यावर असा वाद रंगला. पण या कंत्राटाचे घोडे अडले होते ते ‘कोण’ या प्रश्नावर.

हवाई दलाला जुनी ॲव्हरो मालवाहू विमाने बदलायची होती. कानपूरमध्ये जोडलेले पहिले ॲव्हरो १९६१ मध्ये उडाले. त्याला शेपटीखाली उघडणारा रॅम्प नाही. सामान बाजूच्या दारातून चढवावे लागते. टाटा-एअरबसच्या सी-२९५ या विमानाचा मागचा रॅम्प खाली आला की गाडी थेट आत जाते, छत्रीधारी सैनिक तिथूनच उड्या घेतात. ५ ते १० टन भार किंवा ७१ जवान घेऊन ते कच्च्या, आखूड धावपट्टीवरही उतरते.

जुलै २०१२ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने ५६ विमानांना मंजुरी दिली: १६ तयार घ्यायची, ४० देशात बांधायची, तीही खासगी कंपनीने. देशात दुसरा विमान उत्पादक उभा राहावा म्हणून हिंदुस्तान एरोनॉटिक्सला मुद्दाम बाहेर ठेवले. मे २०१३ मध्ये परदेशी कंपन्यांकडून निविदा मागवल्या. त्यावर तेव्हाचे अवजड उद्योगमंत्री प्रफुल्ल पटेल यांनी हरकत घेतली: सरकारी कंपन्यांना वगळता कशाला? फाइल थांबली. जुलै २०१४ मध्ये अरुण जेटली संरक्षणमंत्री असताना ती पुन्हा हलली, आणि निविदा आली ती एकच, टाटा-एअरबसची. अवघ्या ४० विमानांसाठी नवा कारखाना उभारणे इतरांना परवडणारे वाटले नाही.

एकच निविदा आली की सहसा ती रद्द होते. तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या अध्यक्षतेखालील परिषदेने मात्र मे २०१५ मध्ये ती पुढे नेली. तरी सही व्हायला २४ सप्टेंबर २०२१ उजाडले. किंमत: सुमारे २१,९३५ कोटी रुपये.

स्पर्धक असले की काय होते ते पाहा: अमेरिकेत २००८ मध्ये इंधनवाहू विमानांचे कंत्राट नॉर्थ्रॉप-ईएडीएस या कंपन्यांच्या जोडीला गेले. बोइंगने सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाकडे तक्रार केली, ती मान्य झाली, फेरनिविदा निघाली आणि २०११ मध्ये बोइंग जिंकली. आपल्याकडे हरणारा कोणीच नव्हता, त्यामुळे तक्रार करणाराही नव्हता. पण भाव पडताळायला दुसरी निविदाही नव्हती. तो वाटाघाटीच्या टेबलावरच ठरवावा लागला.

आणि ‘कोण’ ठरले की ‘कुठे’ हे बहुतांशी त्या कंपनीच्या हाती जाते. टाटांच्या एका कंपनीने मिहानमध्ये बोइंग ७८७ चे भाग बनवले होते. त्यामुळे नागपूरचा दावा हवेतला नव्हता. पण बडोद्यात हवाई दलाचा तळ होता, आणि सी-२९५ मिळालेली ११ वी स्क्वाड्रन तिथलीच. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी नरेंद्र मोदी आणि स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी तिथे कारखान्याचे उद्घाटन केले.

हवाई दलाची मध्यम मालवाहू विमानांची पुढची खरेदी येऊ घातली आहे. त्यासाठी एम्ब्रेअरने महिंद्राशी, लॉकहीडने टाटांशी २०२४ मध्येच हात मिळवले. कारखाना हवा असेल तर महाराष्ट्राने या कंपन्यांचे दार आत्ताच ठोठावायला हवे. घोषणेनंतर फक्त पत्रकार परिषदा उरतात.