शास्त्रीय आधारसामग्रीची फाइल-स्वरूपे

मोजमापांतून किंवा गणनेतून मिळालेल्या बहुमितीय सारण्या त्यांच्या मिती, एकके व स्थलकालाचे निर्देश यांसह संगणकीय फाइलीत साठविण्याच्या ठरीव पद्धती. दैनंदिन पाऊस, महासागराचे निरनिराळ्या खोलींवरील तापमान, उपग्रहाने टिपलेले प्रारण इ. राशी अशा सारण्यांत ठेवतात. सारणीतील प्रत्येक संख्येचे स्थान काल, अक्षांश, रेखांश यांसारख्या सहनिर्देशकांनी ठरते. हे सहनिर्देशक, राशीचे नाव, एकक व नोंद नसल्याची खूण यांना मिळून वर्णनात्मक माहिती म्हणतात. संख्या टिकल्या व ही माहिती हरवली, तर सारणी निरुपयोगी होते. म्हणून दोहोंचे साहचर्य टिकविणे हा स्वरूपाच्या निवडीचा पहिला निकष होय.

वर्णनात्मक माहितीचे महत्त्व : भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणे येथील कार्यालयाकडून मिळणारी दैनंदिन पावसाची सामग्री हे याचे बोलके उदाहरण आहे. १९०१ पासूनची ही सामग्री ०·२५° अंतराच्या जालकावर असून त्यात पूर्व-पश्चिम १३५ व दक्षिणोत्तर १२९ बिंदू आहेत. ती साध्या द्विमान व नेटसीडीएफ अशा दोन्ही स्वरूपांत मिळते. द्विमान फाइलीत ३६५ दिवसांच्या वर्षासाठी ६३,५६,४७५ संख्या एकापुढे एक लिहिलेल्या असतात. प्रत्येकीस ४ बाइट याप्रमाणे फाइल सु. २·५४ कोटी बाइटांची होते. जालकाचा आरंभ ६·५° उ. अक्षांश व ६६·५° पू. रेखांश येथे होतो, मितींचा क्रम अमुक आहे, −९९९ ही नोंद नसल्याची खूण आहे, यांपैकी काहीही तीत नमूद नसते. ते वेगळ्या मजकुरात असते. तो मजकूर जवळ नसल्यास अक्षांश-रेखांशांची अदलाबदल होते किंवा −९९९ ही संख्या सरासरीत मिसळते आणि कोणतीही सूचना न मिळता उत्तर चुकते. एककांबाबतही असेच घडते. २३ सप्टेंबर १९९९ रोजी मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे अमेरिकन यान मंगळापाशी नष्ट झाले. त्याच्या प्रणोदकांच्या आवेगाचे आकडे असलेल्या फाइलीत न्यूटन-सेकंदाऐवजी पौंड-सेकंद हे एकक होते, असे चौकशीत आढळले. दोहोंत सु. ४·४५ पटींचा फरक आहे.

प्रमुख स्वरूपे : मजकूर-फाइल माणसाला थेट वाचता येते व लहान तक्त्यांना पुरेशी असते, परंतु अनेक मिती असल्यास प्रत्येक ओळीत सहनिर्देशक पुन्हा लिहावे लागून फाइल फुगते. पायथन भाषेतील पिकल ही पद्धत तात्पुरत्या साठवणीस सोयीची असली, तरी ती त्या भाषेशी व आज्ञावलींच्या आवृत्तींशी जखडलेली असते. शिवाय अनोळखी पिकल फाइल उघडल्यास तीतील घातक आज्ञा अंमलात येऊ शकतात.

नेटसीडीएफ हे स्वयंवर्णित स्वरूप अमेरिकेतील बोल्डर येथील युनिडाटा या संस्थेने १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तयार केले. इलिनॉय विद्यापीठातील महासंगणन केंद्रात उदयास आलेल्या एचडीएफ या कुलातील एचडीएफ५ हे स्वरूप १९९८ मध्ये आले. त्यात सारण्यांची श्रेणीबद्ध गटवारी करता येते. २००८ मधील नेटसीडीएफ-४ याच पायावर उभे आहे. जागतिक हवामानशास्त्रीय संघटनेचे ग्रिब हे स्वरूप अंदाजांच्या देवघेवीसाठी आटोपशीर आहे, मात्र त्यातील राशी सांकेतिक क्रमांकांनी दर्शवितात व त्यांचा अर्थ बाहेरील कोष्टकांत पाहावा लागतो. झार या नव्या स्वरूपात सारणीचे खंड स्वतंत्रपणे ठेवलेले असतात. त्यामुळे दूरस्थ क्लाऊड साठ्यातून हवे तेवढेच खंड आणता येतात. परंतु खंड फार लहान असल्यास फाइलींची संख्या अवाढव्य होते.

खंडविभाजन व संपीडन : सारणी कशी वाचली जाणार, यावर खंडांचा आकार ठरवावा लागतो. १९०१–२००० या शंभर वर्षांची पावसाची सामग्री दिवसागणिक एक खंड अशी ठेवल्यास एका दिवसाचा नकाशा एकाच खंडातून मिळतो. पण एकट्या पुण्याची मालिका काढण्यास ३६,५२५ खंड उघडावे लागतात. कालाच्या दिशेने लांब खंड केल्यास स्थिती उलटते. संपीडित खंडातील एक संख्या हवी असली, तरी सामान्यतः पूर्ण खंड उलगडावा लागतो. अपूर्णांक गुणकाने बदलून १६ बिटांच्या पूर्णांकांत ठेवल्यास जागा वाचते, तथापि अचूकता काही अंशी कायमची गमावते.

निवड : स्थानिक संगणकावर वापरावयाच्या व दीर्घकाल जतन करावयाच्या सामग्रीस नेटसीडीएफ, गुंतागुंतीच्या गटवारीस एचडीएफ५ व दूरस्थ साठ्यातील प्रचंड सारण्यांस झार सामान्यतः योग्य ठरते. जतनाच्या दृष्टीने स्वरूपाचे विनिर्देश जाहीर असणे व ते अनेक भाषांतून वाचता येणे आवश्यक असते. तथापि स्वयंवर्णित स्वरूप वर्णनासाठी केवळ जागा पुरविते. ती भरण्याचे काम फाइल लिहिणाऱ्याचे असते. त्यात एकवाक्यता यावी यासाठी हवामान व पूर्वानुमान क्षेत्रांत सीएफ संकेत रूढ आहेत. त्यांची पहिली आवृत्ती २००३ मध्ये निघाली. त्यांनुसार राशीचे प्रमाण नाव, एकक व कालगणनेचा आरंभ नोंदविला जातो. अशी नोंद नसलेली नेटसीडीएफ फाइल साध्या द्विमान फाइलीहून फारशी अधिक उपयुक्त ठरत नाही.