कर्जमाफी आणि तपासणीचा डोळा

कौटिल्यानें अर्थशास्त्रांत सरकारी द्रव्य गिळण्याचे चाळीस प्रकार मोजून ठेविले आहेत. इतकी बारकाई कशाला, असें तरुण वाचकांस वाटेल. परंतु खजिना उघडण्यापूर्वीं तपासणीची सोय लावावी, हा त्या गणनेमागील व्यवहार आहे. आणि तो विसरल्यानें काय होतें, याचें उदाहरण आमच्या कोल्हापूर जिल्ह्यांतच घडलें आहे.

सन 2008 च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें शेतकऱ्यांच्या कर्जमाफीची घोषणा केली. हेतूविषयीं आमची तक्रार नाहीं. पाऊस, बाजारभाव आणि व्याज या तिहींनीं गांजलेल्यास हात देणें हा राजधर्मच होय. या कामीं सुमारें 52,500 कोटी रुपये खर्ची पडले. परंतु याद्या कर्ज देणाऱ्या बँकांनीं व सोसायट्यांनींच करावयाच्या, आणि सरकारी भरपाईहि त्यांनाच मिळावयाची, अशी ती व्यवस्था होती. ज्याची थकबाकी वसूल व्हावयाची, त्याच्याच हातीं यादीची लेखणी!

2013 सालीं महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेपुढें आला. तपासलेल्या 90,576 प्रकरणांपैकीं 20,206 प्रकरणांत, म्हणजे शेंकडा बाविसांहून अधिक ठिकाणीं, दोष आढळले. 2,824 प्रकरणांत कागदपत्रांत खाडाखोड वा फेरफार झाल्याचीं चिन्हें दिसलीं. अपात्रांस लाभ झाला, आणि पात्र असूनहि कित्येक वंचित राहिले.

कोल्हापुरांत या ढिलाईचा भार थेट शेतकऱ्यावर पडला. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेमार्फत मिळालेल्या माफीपैकीं सुमारें 112 कोटी रुपये नाबार्डनें मागाहून अपात्र ठरविले. कारण, ठरलेल्या कर्जमर्यादेहून अधिक कर्ज दिलें गेलें होतें. बाकी फिटली म्हणून ज्यानें निःश्वास सोडला, त्याच्यापुढें ती पुन्हां उभी राहिली, आणि शेतकऱ्यांस न्यायालयाची पायरी चढावी लागली. मर्यादा पाहणें हें कर्ज देणाऱ्याचें काम. घेणाऱ्यानें मिळालें तेवढें घेतलें. वेळेवर न झालेली तपासणी पांच वर्षांनीं आली, तर ती दुर्बळाच्याच दारीं येते.

त्याच 2008 सालीं अमेरिकेनें बुडत्या बँकांसाठीं 700 अब्ज डॉलर मंजूर केले. मूळ मसुद्यांत तर अर्थमंत्र्यांचा निर्णय न्यायालयासहि तपासतां येऊं नये, असें कलम होतें. लोकप्रतिनिधींनीं तें मानलें नाहीं. उलट त्याच कायद्यानें एक विशेष महानिरीक्षक नेमण्याची तरतूद केली. पैसा आणि पहारा एकाच कायद्यांतून निघाले, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आपल्या राज्यानेंहि यांतून कांहीं बोध घेतला. 2019 च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ति योजनेंत शेतकऱ्यानें स्वतः आधार क्रमांकानें ओळख पटवून रक्कम मान्य केल्यावरच पैसे जमा करण्याची रीत ठेवण्यांत आली. ही सुधारणा स्वागतार्ह होय. तथापि यंत्रास माणूस ओळखतां येतो. त्याच्या नांवावरील कर्ज खरें कीं खोटें, हें गांवच जाणतें.

म्हणून वाचकांस आमची विनंति आहे. आमच्या उचगांवीं काय किंवा आपल्या गांवीं काय, सरकारी मदतीची यादी लागली कीं आपलें नांव तींत नाहीं म्हणून परत फिरूं नये. ती सबंध वाचावी, शेजारच्या निरक्षर म्हाताऱ्यास वाचून दाखवावी, आणि शंका आल्यास लेखी अर्ज करून पोंच घ्यावी. घरांतील मुलांसहि हें काम शिकवावें.